मी खाल्लेला डबा

अन्न टाकू नये ही घरची शिकवण मी जन्मभर पाळली. माझं पोट त्याचा दाखला आहे. नगरच्या दवाखान्यातही पाळली, आणि तिथेच घात झाला.

माझी एकोणीस वर्षांची पुतणी तिथे दाखल होती. लहानपणापासून तिला शुगर, रोजचं इन्सुलिन. वर्षभरात ती इतकी वाळली की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. सगळे म्हणायचे, शुगरनं खाल्लं पोरीला. बायकोनं भरलेला डबा घेऊन मी रोज सोनईहून एसटीनं जायचो. पहिल्याच दिवशी पोरगी म्हणाली, "काका, मला जात नाही. तुम्हीच खा ना. घरी सांगू नका, आई रडत बसते."

मी खाल्लं. रोज खाल्लं. रिकामा डबा बघून सिस्टर कागदावर 'पूर्ण जेवण' लिहायच्या आणि त्यावरून इन्सुलिन ठरायचं.

पाचव्या दिवशी दुपारी मी स्टुलावर डुलकी काढून उठलो, तर ती घामानं निथळत होती. डोळे उघडे, पण मला ओळखेना. शुगर पार तळाला गेली होती. सलाईनमधून साखर चढवली, तेव्हा कुठे बोलली.

डॉक्टरबाई कागद वाचत होत्या. मग माझ्या शर्टाकडे बघितलं.

"काका, हा डाग कसला?"

"पिठल्याचा."

"तिचा डबा कोण खातं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, तर ढेकर आला.

पडदा ओढून त्या तिच्याशी तासभर बोलत बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "भूक लागते तिला. ती भूक मारते. जाड होण्याच्या भीतीनं ताट नको होतं तिला. हा वेगळा आजार आहे, शुगरच्या आडून वाढला. मनाच्या डॉक्टरांना बोलावलंय. आणि काका, आज ती गेली असती."

तिच्या दहावीच्या पेढ्यांच्या वेळी 'इंजेक्शनानं फुगली बघा आमची ढोली' असं म्हणून घर हसवणारा मीच. तीही हसली होती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती डबा घासत होती.

"परवा घाईत तुमची शेपूची भाजी तिच्या डब्यात गेली हुती," ती म्हणाली. "लहानपणापासून शिवत न्हाई ती शेपूला. तरी डबा चाटूनपुसून आला, अन् मी खूश झाले."