हौदाच्या कठड्यावरची जागा

मी फुटबॉलचा खेळ उभ्या जन्मात पाहिला नाही. पण आमच्या गावच्या टीमचा सगळा इतिहास मला पाठ आहे, आणि तो आता कुणालाच नको आहे.

गाव अंबाजोगाई. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावाला मोमिनाबाद म्हणत. इथे घोडदळाची छावणी होती, लोक तिला कँप म्हणायचे. माझ्या सासऱ्यांचा धंदा कँपातल्या घोड्यांना गवत पुरवायचा. मी लग्न होऊन आले तोवर घोडदळ उठून गेलं होतं. घोडे गेले तसा गवताचा धंदाही बसला. मागे राहिलं ते मोकळं मैदान, जवानांनी गावातल्या पोरांना लावलेलं फुटबॉलचं वेड, आणि आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून असलेला दगडी हौद. त्यात घोडे पाणी प्यायचे. आता तो कोरडा ठणठणीत होता.

या हौदाच्या कठड्यावर रोज संध्याकाळी टीमचे शौकीन बसत. खेळणारे वेगळे, हे बघणारे. बघणाऱ्यांचा रुबाब खेळणाऱ्यांपेक्षा जास्त. वर्षातून खेळ होणार चार-दोन, मग बाकीचे दिवस करायचं काय? तर एकमेकांना सवाल टाकायचे. औरंगाबादेत आपण पहिल्यांदा हरलो तेव्हा गोलात कोण होता? डाव्या पायानं गोल मारणारा पहिला कोण? लातूरवाल्यांनी खेळ अर्ध्यात का सोडला? उत्तर चुकलं की त्यानं कठड्यावरून उठायचं आणि कोरड्या हौदात उतरून उभं राहायचं. बाकीचे वर बसून त्याच्याकडे खाली बघत हसणार. जो सारखाच हौदात दिसू लागला त्याची कठड्यावरची जागा जायची. मग तो समोर धुळीत उकिडवा बसायचा, आणि धुळीत बसणाऱ्याला सवाल टाकायचा हक्क नसे.

आमचे मालक त्या कठड्यावरचे पहिले. माणसांची नावं मी लिहीत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची सवयच कधी लागली नाही, मग बाकीच्यांची कशाला घेऊ. लहानपणी बापाबरोबर गवताच्या गाडीवर बसून ते कँपात जात, तेव्हापासूनचा एकूण एक खेळ त्यांना ठाऊक. पहिल्या दिवसापासून ते कधी हौदात उतरले नव्हते. त्यांच्या शेजारी एक तेली बसायचा, तो जन्माचा हौदातला. त्याची जागा कशी टिकली देव जाणे. बहुतेक तो नसता तर हसायला कुणी उरलं नसतं म्हणून.

माझी चूल त्या भिंतीला होती. धूर जायला वर एक झरोका, माझ्या हाताच्या वर. त्यातून दिसायचं काहीच नाही. ऐकू सगळं यायचं. माझं माहेर तलवाड्याचं, लांब पडायचं, येणंजाणं कमी. पोटी मूल नव्हतं. सासू बोलायची ती कामापुरतं आणि मालक तेवढंही नाही. "वाढ." "पाणी." "येतो." दिवसभराचं बोलणं एवढंच. आणि तोच माणूस भिंतीपलीकडे बसला की असा बोलायचा की मला वाटायचं, हा कुणी दुसराच आहे. मी भाकरी थापत ऐकायची. मला खेळाचं काही नव्हतं. घरात दुसरा आवाज नव्हता म्हणून ऐकायची. असं करता करता पाठ झालं.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गाव निम्मं आडवं झालं. सासू गेली. मालक वाचले, पण तापातून उठलेला माणूस आधीचा नव्हता. हातपाय ठीक, जेवण ठीक, फक्त डोक्यातलं सांडायला लागलं. गोठ्यात जायचे आणि कशाला आलो ते विसरून उभे राहायचे. मी तिकडे लक्ष दिलं नाही. विसरू दे, म्हटलं, गाय मला दिसतेच आहे.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडे तेल्यानं सवाल टाकला आणि मालकांचा आवाज आलाच नाही. मग तेली म्हणाला, "उतर बे हौदात. आज दिवस कुठून उगवला?" सगळे हसले. मालकही हसले, ते मला ऐकू आलं. घरी आले तेव्हा हसत नव्हते. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पलीकडून कुणी हसलं नाही, ते मला जास्त खटकलं.

त्या रात्री ताटावर बसून ते स्वतःशीच बोलले, "जागा जाती आता."

धंदा बसल्यावर शेत तुकड्यातुकड्यानं विकावं लागलं तेव्हा हा माणूस असं काही बोलला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तवा ठेवला आणि पीठ मळता मळता विचारलं, "अवो, औरंगाबादेत पैल्यांदा हरलो तवा गोलात कोण होता?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "काय म्हनलीस?"

"गोलात कोण होता म्हणते."

"तांबोळ्याचा धाकटा."

"थोरला. धाकटा नंतरच्या साली."

ते उठून चुलीजवळ आले. कधी येत नसत. "तुला कसं ठावं?"

"भिंतीतून."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग वर झरोक्याकडे पाहिलं. एवढी वर्षं भिंतीच्या त्या अंगाला पाठ टेकून बसत होते, पण या अंगाला कुणी असतं हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मग म्हणाले, "इचार अजून."

त्यानंतर रोज सकाळी भाकऱ्या होईपर्यंत मी विचारायची आणि ते सांगायचे. चुकलं की मी सांगायची, ते तीन-चारदा घोकायचे. कधी चिडायचे. "कावून गं एकच सवाल सारखा?" "चुकता म्हणून." एकदा लातूरवाल्यांचा सवाल टाकला, त्यांनी खेळ अर्ध्यात का सोडला. तर मालक म्हणाले, "त्यांच्या गाडीचा बैल सुटून मैदानात आलता आन् आमच्या गोलापुढच्या ब्याकनं त्यालाबी आडिवलं." आणि मोठ्यानं हसले. पलीकडे हसायचे तसे. मी भाकरी करपवली. आमच्या लग्नात आम्ही दोघं जे काही बोललो ते त्या थोड्या दिवसांत बोललो, आणि ते सगळं फुटबॉलचं होतं. मला दुसरा विषय येत नव्हता आणि त्यांना नको होता.

पलीकडे फरक पडला. पुन्हा त्यांचा आवाज येऊ लागला. तेली एकदा म्हणाला, "ताप उतरला वाटतं गड्याचा." मला बरं वाटलं. का नाही वाटणार?

कठड्यावर निवाडा करायला एक म्हातारे जमादार होते, घोडदळातून उतरलेले. रिसाला गेला तरी ते इथेच राहिले. त्यांच्या तोंडात कायम तंबाखू, म्हणून मी त्यांचा आवाज फारसा कधी ऐकला नाही. ते निवाडा कसा देतात याचा मी कधी विचार केला नव्हता. तिथेच घात झाला.

एक जुना सवाल होता. परभणीवाल्यांबरोबरच्या खेळात फुटबॉलच्या आतलं रबर फाटलं. दुसरं आणणार कुठून? मग आत चिंध्या कोंबून, वरून कातडं शिवून खेळ पुरा केला होता. सवाल असा की चिंध्या कुणाच्या पागोट्याच्या? साथीच्या आधी मी हा सवाल ऐकला होता. तेल्यानं उत्तर दिलं होतं, "जमादारसाहेबांच्या." सगळे एवढे हसले होते की पुढचं काही ऐकू आलं नाही. पण ते बरोबर उत्तरालाही हसायचे, चुकीलाही हसायचे. मी तेच धरून ठेवलं आणि तेच मालकांकडून घोकून घेतलं.

त्या संध्याकाळी तो सवाल मालकांवर आला. मी हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकू लागले. माझ्याच तोंडून निघालेलं उत्तर ते छातीठोक म्हणाले, "जमादारसाहेबांच्या पागोट्याच्या."

पलीकडे एकच गलका उठला. "आरं, साहेबांचं पागोटं ह्ये काय डोक्यावर हाय!" "साहेब, बघा बरं, फाटलं का?" तेली तर नाचत असावा. "लुगडं, बे, लुगडं! पागोटं नव्हतंच. गोलातल्या पोराच्या आईचं जुनं लुगडं फाडलतं. मी न्हाई का ह्याच सवालावर हौदात गेलतो? तू होतास की हसायला!" मग एकदम शांत झालं. बहुतेक तेव्हा त्यांना कळलं असावं की याला खरंच आठवत नाही. मालक हौदात उतरल्याचा पायांचा आवाज आला. कुणी उतर म्हणालं नव्हतं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "तेली मागं तसंच बोललता."

"आन् जमादारानं तवा बोट खाली केलं आसंल."

"ते मला कसं दिसंल?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. जमादार बोलत नाहीत. उत्तर बरोबर असेल तर पागोट्याला हात लावतात, चूक असेल तर हौदाकडे बोट करतात. इतकी वर्षं मी सवाल आणि उत्तरं ऐकत होते, आणि निम्मं काम तिथे हातांनी चाललं होतं. ते सांगताना मालक माझ्यावर रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, काही बोलणं तरी झालं असतं.

जागा गेली नाही. उलट दुसऱ्या दिवशी तेली घरी येऊन त्यांना घेऊन गेला. "चल गड्या, तुझी जागा मोकळी हाय." कठड्यावर त्यांना मधोमध बसवलं असावं. पण त्या संध्याकाळी सवाल सगळ्यांना टाकले गेले, मालकांना एकही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. माणसं वाईट नव्हती. याला आता हौदात उतरवायचं नाही असं त्यांनी आपसात ठरवलं असणार. मी रोज इकडे ऐकायची, आता विचारतील, मग विचारतील. तेल्याला विचारायचे, कालच्या पोरांना विचारायचे. मालकांचा आवाज भिंतीतून येणं बंद झालं.

काही दिवसांनी ते जायचे थांबले. तेली बोलवायला आला तर म्हणाले, "पाय दुखत्यात." पाय दुखत नव्हते.

मी सकाळी पुन्हा विचारून बघितलं. गोलात कोण होता? ते म्हणाले, "राहू दे." दोनदा तसं झाल्यावर मी सोडून दिलं. मग घर पहिल्यासारखं झालं. वाढ, पाणी. "येतो" तेवढं गेलं, कारण ते कुठे जात नव्हते. संध्याकाळी आम्ही दोघंही भिंतीच्या एकाच अंगाला बसून पलीकडचं ऐकायचो. मला वाटायचं, आता ते एखादं उत्तर पुटपुटतील. नाही.

एकदाच, मी ताट उचलत होते, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि अगदी अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "चिंध्या कोणाच्या गं?"

ते मला तपासत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"लुगड्याच्या," मी म्हणाले. "गोलातल्या पोराच्या आईच्या."

त्यांनी हात उचलून डोक्याला लावला. डोक्यावर पागोटं नव्हतं, घरात होते. उघड्या डोक्याला लावला आणि खाली घेतला.

त्यानंतरही ते जगले, पण मला पुन्हा काही विचारलं नाही. ते गेले, मग जमादार गेले, तेली सगळ्यांत शेवटी. हौदाचे दगड कुणीतरी जोत्याला नेले. मैदानात आता घरं आहेत. शेजारच्या घरातली माणसं भली आहेत, जेवलात का म्हणून रोज विचारतात. मी हो म्हणते. त्यापुढचं कुणी विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगत बसायची मला सवय नाही.