दिगूची सही, वहिनींचा फोन

अखिल-अंधेरी-पूर्व-कार्यालय-स्वाक्षरी-सार्वभौम, टेबल-सूत्रधार, पिक्सेल-परीक्षक, सीएसएस-चक्रवर्ती, भांडुपनिवासी श्रीमान दिगंबर परब यांना जाऊन आज एक वर्ष झालं.

म्हणजे आमचा दिगू.

पदव्या मी बहाल केल्या आहेत. हयात असता तर त्याने त्या तत्काळ डिलीट केल्या असत्या.

कार्यालयातल्या प्रत्येकाच्या ईमेलखाली जी सही असते, नाव, हुद्दा, लोगो, ती दिगू स्वहस्ते रचायचा. एचटीएमएलच्या टेबलात, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या चौकटींत.
वेबसाइटवर मिरवणारं सीएसएस, म्हणजे रंगरूपाचे नियम, मेलमध्ये निम्मं गळून पडतं. म्हणून हा प्रत्येक चौकटीत रंग आणि अंतर पुन्हा पुन्हा लिहायचा. एवढी निष्ठा आमच्या गुरुजींनी सत्यनारायणालाही दाखवली नव्हती.

माझा हुद्दा मी त्याला सविस्तर कळवला होता.

"मेल्या, ही सही आसा काय लग्नपत्रिका?"
"प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, दिगू."
"प्रतिष्ठा मोबाइलवर दोन ओळींत तुटते रे."

अंतिम परीक्षा भांडुपला व्हायची. प्रत्येक सही तो आपल्या पत्नीच्या, सुषमा वहिनींच्या, जुन्या फोनवर पाठवायचा. विषय: टेस्ट.
वहिनी एकाच शब्दात निकाल द्यायच्या. 'बरी' किंवा 'फट'.
लोगोखाली पांढरी फट दिसली, की सही नापास. त्या निकालावर अपील नव्हतं.

आता आमचा लोगो बदलला आहे. आज पाच वाजेपर्यंत सर्वांनी नवी, तयार सही लावावी, असा आदेश आहे. एक बटण दाबायचं, जुनी नष्ट.

सगळ्यांनी दाबलं. दिगूची रचना आता फक्त माझ्या मेलखाली उरली आहे.

सकाळपासून बोट बटणापर्यंत नेतोय, मागे घेतोय. चहा झाला. पुन्हा चहा झाला. शेजारच्या कदमने विचारलं, "काय रे, राजीनामा टाकतोयस का?"

शेवटी सहीमागचं दिगूचंच टेबल उघडलं. त्यातच नवा लोगो बसवला. आणि प्रथेप्रमाणे सही वहिनींना पाठवली. विषय: टेस्ट.

पाठवल्यावर भान आलं.
ज्या घरी आज वर्षश्राद्ध, त्या घरी मी 'टेस्ट' पाठवली होती.

इनबॉक्स किती वेळा रिफ्रेश केला, ते सांगण्याइतका निर्लज्ज मी नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"भाऊजी, वर्षभरानं टेस्ट आली. यांचीच वाटली.
पण फट."

दिगंबरा, तुला सविनय, साश्रू आणि चारही बाजूंनी योग्य मार्जिन सोडून निरोप.

साडेचार वाजले आहेत. फट घालवायला लोगोच्या चित्राला 'डिस्प्ले ब्लॉक' ही आज्ञा दिली. उंची दिली. चौकटीचं पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, शून्य केलं.

लोगोखालची ती फट काही केल्या जात नाही. कोणाला जमत असेल, तर कृपया पाचच्या आत कळवा.