घोड्यावरचा चेहरा

आमच्या शाळेच्या हॉलमध्ये घोड्यावर बसलेल्या राजाचं मोठं चित्र आहे. तो राजा म्हणजे माझे वडील. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या त्या शाळेत मी चित्रकला शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो, तोही टेंपररी. एका विश्वस्तांनी राजस्थानच्या सहलीहून जुन्या दरबारी चित्राची छापील प्रत आणली आणि हे भिंतीएवढं करून द्या म्हणाले. अशी चित्रं असतात तसंच तेही होतं. राजा एका बाजूने दिसणारा, डोक्यामागे सोनेरी वलय, घोड्याचे पाय मेंदीने रंगवलेले. राजा आणि घोडा अवाढव्य; बरोबरची माणसं घोड्याच्या पोटाखाली मावतील एवढी, अनवाणी. राजाच्या भुवईचा केसन् केस रेखलेला, नोकरांचे चेहरे मात्र एकाच छापाचे. ते मला खुपलं. म्हणून छत्र धरणाऱ्याला मी वडिलांचा चेहरा दिला. तेच बाकदार नाक, गालावर देवीचे वण. वाटलं, आपण त्यांचा मान केला.

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राख उपसायच्या कामावर होते. उद्घाटनाला इस्त्रीचा सदरा घालून आले. विश्वस्त पाहुण्यांना सांगत होते, की नोकर मंडळी झकास जमलीत, अगदी खरी वाटतात. वडील शेजारीच उभे होते. पाहुणे चहाला गेल्यावर ते चित्राजवळ गेले.

"पायात काहीच नाय दिलंस रे."

"दादा, जुन्या चित्रांत तसंच असतं."

"अन् वर कोण हाय?"

"असेल कुठला तरी राजा."

"त्याला पाह्यलाय कोणी?"

"नाही."

"मग तुला अडवलं कोणी?"

हसतच म्हणाले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला मात्र तो प्रश्न झोपू देईना.

दोन पावसाळ्यांनी भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे निघाले. दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्त करा, असं मला सांगण्यात आलं. चित्र उतरवून चित्रकलेच्या वर्गात आणून ठेवलं होतं आणि तिथे मी एकटाच होतो. राजाचा चेहरा खरवडून काढला आणि तिथे वडिलांना बसवलं. पगडी, मिशा, कानातला मोती राजाचाच ठेवला. नाक आणि वण वडिलांचे. छत्र धरायला खाली मी स्वतः उभा राहिलो. अनवाणी.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मिशा आणि वलय असलं की चेहऱ्याकडे बघतो कोण? दर दसऱ्याला शिपाई शाळेची घंटा, लेझमा आणि ते चित्र, सगळ्यांना झेंडूची माळ घालायचा. विश्वस्त पाहुण्यांना म्हणायचे, "नाक बघा. घराणं नाकावरच दिसतं." मी मागे उभा राहून मान डोलवायचो. मजा यायची. खोटं कशाला बोलू, अजूनही येते. दरबारी चित्रकार ज्याचं खात त्याला घोड्यावर बसवत. मीही तेच केलं.

पण वडिलांना बोललो नाही. ते सगळ्या कॉलनीला सांगत सुटले असते, आणि माझी नोकरी टेंपररी होती. पुढे कायम झालो, तरी म्हटलं, येत्या दसऱ्याला त्यांना शाळेत आणू, मग सांगू. असे दसरे गेले. रविवारी घरी गेलो की ते विचारायचे, शाळा काय म्हणते. मी म्हणायचो, चाललंय. एकदा हॉलमधल्या चित्राचं काय झालं, असंही त्यांनी विचारलं होतं. आहे तिथेच आहे, म्हणालो.

ऐंशीच्या दशकात ते गेले.

आता शाळेला चित्र उतरवायचं असेल तर खुशाल उतरवावं. त्या चेहऱ्याची मी माफी मागणार नाही. पण वडील गेले ते लेकाने आपल्याला अनवाणी उभं केलं असं समजूनच. दादा, तुम्ही वर आहात, एवढं मला त्यांना सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. ते देणं माझ्यावर आहे.