दहा सेकंदांची निळी स्क्रीन

किस्से जमवायला मी काही करत नाही. बोईसरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळत गप्प बसून राहिलं, की कपड्यांवर मालाची पावडर साचावी तसे तेही साचतात.

बरेचसे एकाच पीसीचे. लॅबमधलं तपासणीचं मशीन त्याला जोडलंय. त्यावरच्या लिनक्स सिस्टिमनं मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लोड केला नाही की तपासणी बंद, माल अडकतो आणि मी केळव्याला घरी उशिरा पोचते. लग्नाला सहा महिने झालेत. सासूबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघू. नाही झेपलं तर सोड नोकरी."

*

पहिल्यांदा ड्रायव्हर अडला तो सिक्युअर बूटमुळे. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, ते चालू असलं, की डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर लिनक्स आत घेत नाही. शिफ्ट इनचार्ज मिश्राजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मैडम, कल तक तो चल रहा था."

हे ते नेहमीच म्हणतात. मी रुजू झाले त्या सकाळी, ओळख व्हायच्या आधी, हेच म्हणाले होते.

मी सिक्युअर बूट बंद केलं.

*

मग खंडेनवमी आली. मेंटेनन्सचे हरिश्चंद्रकाका घिवलीचे. पूजेआधी प्रत्येक यंत्र ते स्वतः पुसतात. त्यांनी पीसी उघडला, धूळ उडवली, आतला बटणाएवढा सेल काढून पुसला. बायोसचं सेटिंग त्या सेलवरच टिकतं. सिक्युअर बूट परत चालू, ड्रायव्हर बाहेर.

"काका, सेल कशाला काढलात?"

"काढला नाय तर पुसनार कसा?"

"सेटिंग गेलं सगळं."

"असं कसं जाईल? होता तितंच लावलाय."

सेलवर कुंकवाचं बोट होतं. ते मी राहू दिलं. सिक्युअर बूट पुन्हा बंद केलं.

*

काका पुढच्या वर्षीही सेल पुसणार, हे उघड होतं. म्हणून कायमचा उपाय: ड्रायव्हरवर आपणच सही करायची आणि ती सही पीसीला ओळखायला लावायची. त्यासाठी रीस्टार्टनंतर एक निळी स्क्रीन येते. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबायचं, मग आपणच आधी ठरवलेला पासवर्ड टाकायचा. वेळ हुकली की सगळं पहिल्यापासून, पासवर्डही नवा.

पहिल्या खेपेला काका बोट उगारून तयार होते. स्क्रीन आली. काकांनी चष्मा लावला, वाचलं आणि माझ्याकडे वळले.

"कुटलं बी म्हंजे नेमकं कुटलं?"

दुसऱ्या खेपेला मिश्राजी मला बोलवायला दारापर्यंत आले, तेवढ्यात दहा सेकंद संपले.

*

तिसरी खेप दिवाळीच्या फराळात. घरी करंज्या, म्हणून पाचला पोचायचं कबूल केलेलं. तपासणी सहापर्यंत चालणार होती. मी सगळी तयारी केली, दमून सुचला तो पासवर्ड ठेवला आणि काकांना म्हटलं, "तपासणी संपली की रीस्टार्ट करा, स्पेसबार दाबा. पासवर्ड फोनवर सांगते."

"चिठ्ठीवर लिवून द्या ना."

"नको."

सव्वासहाला फोन वाजला. माझे हात पिठात. सासूबाईंनी फोन स्पीकरवर टाकून डब्याला टेकवून ठेवला. शेजारच्या दोघी लाटत होत्या.

"म्याडम, दाबलं. आता पासवर्ड मागतंय. सांगा, कागदावर घेतो."

"एन, ओ, के, ए..."

"जोरात सांगा, हितं पंखा चालू हाय."

जोरात सांगितलं. पुढचं "आर, आय" झालं आणि एक लाटणं थांबलं. "एस, ओ, डी, टी, ई"ला दुसरं.

"वाचून दाखवतो," काका म्हणाले. "नोकरी सोडते. बरोबर हाय?"

"हो, काका."

काका एकेक बटण दाबत गेले. मग, "ड्रायव्हर आला. मशीन चालू झालं. म्याडम, खरंच सोडता काय?"

सासूबाई करंजीची कड कातत होत्या. ती कातून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग फोनकडे वळून म्हणाल्या,

"नाही. तो पासवर्ड आहे."