साताऱ्याचा वाद आणि काठीवरचं पहिलं पाणी

आष्ट्याहून सकाळची एस.टी. धरली. नात सुवर्णा साताऱ्याला कॉलेजात शिकवते. तिथल्या वाचनालयात एका जुन्या फ्रेंच विचारवंतावर चर्चा होती. तिनं बोलावलं. मी चौथी शिकलेला, पलटणीतून निवृत्त झालेला, पण वादाला कधी मागं सरलो नाही.

मन मात्र गावात होतं. आमच्या यात्रेत काठी (निशाण लावलेला देवाचा उंच बांबू) उठण्याआधी तिच्यावर पहिलं पाणी रज्जाक मुलाण्याच्या घरचं पडतं. यंदा काहींनी हा मान काढायचा अर्ज केला. त्यावर पहिली सही माझी. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती.

कराडला चहा संपायच्या आत गाडी हलली. धावत चढलो.

"आवं आबा, वय बगा की," कंडक्टर म्हणाला.

"माजं वय बगून तू थांबायचं हुतंस."

दुपारी साताऱ्यात उतरलो. वर अजिंक्यतारा उन्हात तापत होता.

वाचनालयात सुवर्णा सांगू लागली. हा माणूस घड्याळजीचा मुलगा, शाळेत न गेलेला. इथंच तो मला आवडला. कायदा लोकांनी स्वतः करावा, आपली इच्छा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, असं त्याचं म्हणणं. देशाला एक सामाईक धर्म असावा, तो न मानणाऱ्याला हाकलावं, असंही. दुसरे एक मास्तर म्हणाले, एका धर्मानंच देश एकजीव होतो.

मी उठलो. "मग आमच्या गावाचं बरोबर हाय. मुलाण्याचा मान काढायचं लोकांनी ठरवलंय. हीच लोकशाही."

सुवर्णाचा चेहरा उतरला. "रज्जाकचाचांचा मान? आबा, पलटणीत सगळ्यांचे देव एकाच खोलीत हुते, असं तुमीच सांगता. तितला देश एकजीव नव्हता?"

"पर अर्जावर पहिली सही माजीच हाय," मी म्हणालो.

"अर्ज वाचून सही केलीत न्हवं?"

"व्हय, वाचून."

हे खोटं होतं. पारावर पोरं म्हणाली, यात्रेच्या मांडवाचा अर्ज हाय, पहिली सही आबांची. मला वाचायला वेळ लागतो, तो चारचौघांत कसा दाखवायचा? पहिलेपणाच्या तोऱ्यात सही ठोकली. खरं काय ते सहीनंतर कळलं, पण तोवर पहिली सही आबांची असं गावभर झालं होतं, मग मागं कसं सरायचं?

स्टँडवर सोडायला आली तेव्हा सुवर्णा एवढंच म्हणाली, "हाकलायचं म्हणाला तितं त्यो चुकला, आबा. पण आपलं मत दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हे बरुबर."

परतीला उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती. जिभेवर आलेलं कबुलीचं वाक्य मी आष्ट्यापर्यंत गिळत आलो.

सकाळी ग्रामसभेत उभा राहिलो. "ही सही मी न वाचता केली. खोडा."

मागून कोणी हसलं. "आबा, आजवर काय काय न वाचता केलंसा?"

"लय काय," मी म्हणालो. "आता अर्ज मोठ्यानं वाचा."

वाचला. आणखी तिघांनी सह्या खोडल्या. पुढचा निर्णय यात्रेच्या बैठकीवर गेला. काय होईल, सांगता येत नाही.

घरी जाताना रज्जाकच्या दारात थांबलो. त्यानं तांब्या पुढं केला. पाणी प्यालो. त्या फ्रेंच माणसाशी माझा निम्मा वाद अजून बाकी आहे. त्याच्या देशातून रज्जाक बाहेर गेला असता. मग त्या देशात राहून मी काय केलं असतं?