मर्जियाच्या गोळ्या

मर्जिया गॅरेजमध्ये शिवायला बसायची. शटर खाली, ट्यूबलाइट चालू आणि दिवसभर मशीनची खडखड. डँडेनाँग या परमुलखातल्या उपनगरात आम्हा हजारा जमातीच्या बायकांचे लग्नाचे कपडे तिच्याच हातचे. मी शेजारीण, म्हणून तिची खाला, मावशी. "अगं, शटर तरी वर कर, जरा ऊन येऊ दे," मी ओरडायचे. ती म्हणायची, "रस्त्यानं माणसं जातात, खाला. त्यांना काय फुकटचा तमाशा दाखवू?"

पोरीचं तिकडे क्वेट्ट्यात दोनदा पोट पडलं होतं. मग नवरा नवरोज आसरा मागायला बोटीतून इकडे आला आणि व्हिसाची वाट बघण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. इथे येऊन पुन्हा दिवस राहिले, तेव्हा मला सांगायला आली आणि सांगायचं सोडून रडतच बसली. "खाला, हे राहिलं पाहिजे. हे गेलं तर मीही जाईन." मी म्हटलं, "गप, अभद्र बोलू नकोस."

दवाखान्यात रक्त तपासलं. अंगात ड जीवनसत्त्व नावालाच आहे, डॉक्टरीण म्हणाली. तिने गोळ्या दिल्या. फ्लूची लस त्या दिवशी संपली होती, ती पुढच्या खेपेला देते म्हणाली. थंडी तोंडावर आली होती.

नवरोज हलालच्या कत्तलखान्यात सुरी चालवतो. जनावराच्या कातड्याचं, हाडांचं पुढे काय होतं ते त्याला पाठ. त्याने गोळीचं मऊ, चकाकतं कवच बोटात दाबून बघितलं. "हे जिलेटिन. डुकराचं असलं तर? माझ्या लेकराला हराम खाऊ घालायचं नाही." डबी गेली कचऱ्यात.

"डॉक्टरणीला विचारते, दुसरं काही देईल," मर्जिया म्हणाली.

"खबरदार! हसतील आपल्याला. म्हणतील, आले अडाणी."

अरे गाढवा, विचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं? तेलातले थेंब मिळतात, त्यांना कवचच नसतं. आजारपणात औषधाला आपल्यात केवढी सूट आहे, ते मुल्लासाहेबांनीही सांगितलं असतं. पण हे सगळं मला कळलं ते पार हॉस्पिटलात, ती शुद्धीवर नसताना.

पुढची तारीख आली. गेलं तर डॉक्टरीण गोळ्यांचं विचारणार. नवरोज म्हणाला, "या खेपेला राहू दे." राहिलं. लसही राहिली.

मग एक नवरी माप द्यायला आली, शिंकत, नाक पुसत. दोन दिवसांत मर्जिया तापाने फणफणली. नवरोज बिचारा खडीसाखरेचा चहा करकरून पाजत होता, सर्दीच आहे म्हणत होता. मी डोकावले तर ओठ निळे! "अरे, बघतोस काय? ॲम्ब्युलन्स बोलाव!"

छातीत फ्लू उतरला होता. गळ्यात नळी घातली, श्वास मशीनचा. आम्ही बाहेर बसलो. नवरोज सारखा एकच विचारत होता, "खाला, गोळ्यांमुळे झालं का?"

"मला काय विचारतोस? डॉक्टरणीला विचार."

त्याने विचारलं नाही. मी कुराणातलं येत होतं ते सगळं म्हटलं, पुन्हा म्हटलं. देवा, दोन नेलेस, आता पुरे कर, म्हटलं. सातव्या महिन्यातलं ते लेकरू. मुलगी होती. पोटातच तिचं काळीज थांबलं. आई मशीनवर असतानाच नवरोजने तिला मातीत ठेवलं.

मर्जिया जागी झाली आणि तिचा हात आधी पोटावर गेला. नळीमुळे गळ्यात आवाजच उरला नव्हता.

डॉक्टरीण आली, बाजूला बसली. मी मधे दुभाषी. "जीवनसत्त्व कमी होतं म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही," ती हळू म्हणाली. "ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण लस घेतली असती तर कदाचित इतकं वाढलं नसतं. तू त्या दिवशी का आली नाहीस?"

मर्जियाने नवरोजकडे बघितलं. तो पायथ्याशी मान खाली घालून उभा. मग ती घोगऱ्या आवाजात मला म्हणाली, "सांग, बस चुकली."

आमच्या गल्लीतून बस जातच नाही. आणि या पोरीला जन्मात कधी एकटीला बसमध्ये चढू दिलेलं नाही कुणी. मी नवरोजकडे रोखून बघत राहिले. बोल मेल्या, आता तरी बोल!

डॉक्टरीण माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"बस चुकली म्हणते," मी सांगितलं.