आता काय करून राहिली?

फोन राकेशचा होता, सुजाताच्या जुन्या विद्यार्थ्याचा. "मॅडम, सुजाता मॅडम गेल्या... हार्ट अटॅक." मी त्याच्यावर खेकसले, "गेल्या म्हणजे? नीट सांग." 'नीट सांग' असं सुजातानंच त्याला एकदा दरडावलं होतं, ते आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असावं. महिना उलटला तरी माझं चित्त थाऱ्यावर नाही. पुस्तक उघडते, मिटते, चहाचं आधण ठेवते आणि गॅस पेटवायचाच विसरते.

सुजाता आमच्या कॉलेजात जपानी शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी आणि भांडण कायमचं एकच. पोरांच्या पेपरातलं 'मी जेवण करून राहिलो' मी लाल पेनानं खोडायची, की ही उसळलीच. "काहून खोडून राहिली वं? जपानीत अस्संच म्हणतात. तबेते इरु. तबेते म्हणजे जेवून, इरु म्हणजे राहणं. पुण्याच्या पोरायले हे समजवता समजवता दम निघते, आपल्या पोरायच्या तोंडातच आहे." बोलण्यात तिचा हात धरणं मला कधी जमलं नाही.

कोरोनात वर्ग मोबाइलवर आले. आम्ही बाकीचे 'माइक बंद करा' म्हणून घसा कोरडा करत होतो, हिचा हुकूम उलटा. माइक चालू ठेवा, भाषा कानानं येते. हजेरीला 'प्रेझेंट' म्हटलेलं तिला चालायचं नाही. ती जपानीत विचारायची, आता काय करून राहिले, आणि ज्यानं त्यानं खरं ते जपानीत सांगायचं. नरखेडकडची पल्लवी संत्र्याच्या झाडांना पाणी देऊन राहिलेली असायची, मागं मोटार घरघरायची. राकेशच्या वाडीच्या खोलीतून ट्रकचे हॉर्न यायचे. घरात एकटीला करमेना, म्हणून मीही त्या वर्गात जाऊन बसायची.

दुसऱ्या लाटेतल्या एका दुपारी राकेशची पाळी आली. तो म्हणाला, "चिचि गा शिन्दे इरु." चिचि म्हणजे वडील. शिन्दे म्हणजे मरून. एरवी या शब्दाला, शिंदे आडनावापायी, सगळा वर्ग हसायचा. त्या दिवशी कुणी हसलं नाही. जपानीत त्या वाक्याचा अर्थ होतो, वडील वारलेत. दुसरं कुणी असतं तर हळहळून पुढचं नाव घेतलं असतं. सुजाता जपानी सोडून म्हणाली, "राकेश, नीट सांग गा. बाबा मरून राहिले का मेले?"

"मरून राहिले, मॅडम... बेड नाही भेटून राहिला."

तिनं वर्ग तसाच चालू ठेवला आणि सगळ्यांना फोन फिरवायला लावले. त्या घरांतल्या बडबडीतून, त्या चालू माइकांतून, संध्याकाळी एका लहानशा दवाखान्यात जागा मिळाली. बाबा वाचले.

पुढच्या तासाला तिनं चूक समजावली. "इथं आपली बोली दगा देते. शिन्दे इरु म्हणजे मरणं चालू नाही. माणूस मेला, अन् तसा राहिला."

मी मध्येच विचारलं, "मेल्यावर राहते कुठं वं माणूस?"

"मले काय माहीत? व्याकरणात राहते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "इमा, नानि ओ शिते इरु?" आता काय करून राहिली? मी जपानीत उत्तर द्यायची, ती चुका काढायची. इतक्या वर्षांत तिनं हा नेम मोडला नव्हता, आणि आता असा, न सांगता... मला तिचा राग येतो. फार येतो.

अजूनही ती वेळ झाली की मी खोलीभर फेऱ्या घालते आणि शेवटी न वाजलेल्या फोनसमोर बसते. मोठ्यानं हजेरी देते. भाजी निवडून राहिले. पेपर तपासून राहिले. तू? तिच्या बाजूचं उत्तर मला येतं, राकेशची चूक समजावताना तिनंच शिकवलंय. त्यातला पहिला शब्द मी गिळते आणि दुसरा तेवढा म्हणते. इरु.